तळ्याला पट्टी नाही

कन्नडच्या पुढं डांबर संपलं,
सागाची पानं गाडीच्या टपावर वाजू लागली,
तेव्हा सुलक्षणा म्हणाली,
बाबा, मोबाइल ठेवून द्या आता, रेंज गेली.
मी तर खिडकीतून
नाल्याची पातळी बघत होतो.

एकतीस वर्षं पाणी वाचलं मी.
सकाळी आठ, संध्याकाळी पाच,
पट्टीवरचा आकडा, वहीतला रकाना,
मग वायरलेसवर साहेबाला निरोप.
पाणी पट्टीच्याही खाली गेलं
तर रकान्यात काय भरायचं,
हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं.
मी एक आडवी रेघ मारायचो.

कॅम्पवर चार तंबू, तीन दगडांची चूल, पत्र्याचा संडास
आणि जुम्मा तडवी, वनखात्याचा रोजंदार.
माझ्या हातातली खुंटी त्यानं काढून घेतली.
"दगडात ठोकायलाव साहेब.
हातभर सरका, तिथं माती हाय."
तंबू जावयाचा, नळ्यांचं कोडं सुटता सुटेना,
लेक सूचनांचा कागद उलटा धरून हसायली.
शेवटी उभा राहिला,
एका कुशीवर कलून,
उठू की नको अशा विचारातल्या म्हशीसारखा.

धबधबा बघायला गेलो. मार्गशीर्ष लागलेला.
कड्यावरून तीन धारा,
त्यातली एक, वारा आला की नाहीशी.
खाली एक पोरगं
कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट धुऊन
त्यात खेकडा कोंबत होतं.
"उशीर झाला आपल्याला," सुलक्षणा म्हणाली,
"श्रावणात यायला पाहिजे होतं."
मला उरलेलं पाणी बघायची सवय आहे,
हे तिला सांगितलं नाही.
मनातल्या मनात विसर्ग काढला.
क्युसेकमध्ये बसेना,
बादल्यांत बसला.

रात्री भाकरी, ठेचा, निखाऱ्यातली वांगी.
जुम्माच्या अस्वलाच्या गोष्टी,
निम्म्या खऱ्या,
उरलेल्या निम्म्या जास्त चांगल्या.

मग सगळे झोपले. मला झोप नाही.
तंबूच्या कापडावर दव थेंब थेंब,
कुठंतरी रातवा
ताटावर खडा टिचवल्यासारखा.
टॉर्च घेऊन तळ्यावर गेलो.
उजेड काठाकाठानं फिरवला,
एकदा, परत एकदा,
आणि काय शोधतोय ते उशिरा कळलं.
पाहुण्याच्या घरी भिंतीवर
घड्याळ शोधावं तसा
मी पट्टी शोधत होतो.
काळ्या-पांढऱ्या रंगाची, आकड्यांची.

पट्टी नव्हती.
पलीकडे एक नीलगाय पाणी पिऊन गेली,
तिनं किती प्यालं
ते कुठंच लागलं नाही.
खिशात हात गेला. पेन होतं.

"काय करायलाव हितं एकट्यानं?"
"काही नाही. आठ वाजले का बघतोय."
"पावणेचार झालेत, बाबा."
ती शेजारी दगडावर बसली,
अर्धी शाल माझ्या गुडघ्यावर टाकली.
बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाली,
"तुम्हाला आठवतं, मी आकडा वाचायची
आणि तुम्ही लिहायचात?"
आठवतं. दोन वेण्या, पायात माझ्या चपला.
"सातवीत होते मी.
तुम्ही रेघ मारायला वाकलात
आणि मी म्हणाले, तीन."

तीन सेंटिमीटर.
मी मान वर न करता लिहिले होते.
वायरलेसवर दोनदा सांगितले होते,
पलीकडून साहेब म्हणाला होता, बरं.

"नव्हते?"
"नव्हते. पण त्या उन्हाळ्यात
तुम्ही घरी बोलतच नव्हता."

म्हणजे कुठल्याशा कचेरीत,
लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात,
ते तीन सेंटिमीटर अजून साठलेले असतील,
ऊन लागलं नाही त्यांना,
कोणी उपसले नाहीत.

मी टॉर्च विझवला.
तळ्यात मासा उसळला, पडला.
सुलक्षणानं विचारलं, "दुरुस्ती करायची असते का आता?"
"मुदत गेली," मी म्हणालो,
आणि शाल थोडी माझ्याकडं ओढली.